‘दाय’ की ‘दाइन’? जुन्या वळणाच्या इंग्रजीतलं ‘तुझं’ न चुकता लिहिण्यासाठी

मागे एका कॉलेजच्या नाटकाची इंग्रजी संहिता तपासायला आली होती. राजदरबार, तलवारी, फितुरी, सगळं साग्रसंगीत. संवाद जुन्या वळणाचे वाटावेत म्हणून लेखकाने कंप्यूटरवर वाय-ओ-यू ही तीन अक्षरं शोधून सगळीकडे ‘दाऊ’ बसवला होता. त्यामुळे ‘यूथ’चं ‘दाऊथ’ झालं, ‘यंग’चं ‘दाउंग’ झालं आणि ‘युअर’चं जे काही झालं ते उच्चारता येईना. मग ते दुरुस्त करायला बसल्यावर त्याने कानाला भारी वाटेल तिथे हाताने ‘दाइन’ घातलं: दाइन स्वोर्ड, दाइन सोल्जर्स, दाइन मॅजेस्टी. तिन्ही चूक, आणि तिसरं तर दुप्पट चूक.

त्या मुलाचं इंग्रजी कच्चं नव्हतं. अशी चूक करणारी बहुतेक मंडळी चांगलं इंग्रजी वाचणारी असतात. घोळ क्रमाचा असतो. ‘दाय’ आणि ‘दाइन’मधून निवडायचं तर तीन प्रश्न विचारावे लागतात: कोणाला, कुठे, पुढचा आवाज कोणता. याच क्रमाने विचारावे लागतात. लोक तिसऱ्यापासून सुरू करतात, किंवा एकही न विचारता मीठ भुरभुरावं तसे हे शब्द भुरभुरतात.

वाचण्याआधी एवढं लक्षात ठेवा: दाऊ म्हणजे टी-एच-ओ-यू, दी म्हणजे टी-एच-ई-ई, दाय म्हणजे टी-एच-वाय आणि दाइन म्हणजे टी-एच-आय-एन-ई. अर्थ अनुक्रमे तू, तुला, तुझा आणि पुन्हा तुझा. घोळ या शेवटच्या दोघांचा.

तयारी

आधी सगळा मजकूर आजच्या साध्या इंग्रजीत लिहून काढा. थेट जुन्या वळणात लिहायला बसलात तर वाक्य, क्रियापद आणि सर्वनाम अशा तीन आघाड्यांवर एकदम लढावं लागतं आणि तिन्हीकडे हार होते. साधा मसुदा तयार झाला की प्रत्येक ‘यू’, ‘युअर’, ‘युअर्स’ आणि ‘युअरसेल्फ’ पेन्सिलीने गोल करा. काम फक्त या गोलांवर करायचं आहे.

दुसरं, पात्रांची यादी करा आणि कोण कोणाशी बोलतो ते लिहा. राजा सेनापतीशी, सेनापती राजाशी, आई मुलाशी, मुलगा आईशी. ही जोडी दोन्ही दिशांनी लिहायची, कारण दोन्हीकडचं सर्वनाम एकच असेल असं नाही.

तिसरं, याची गरज आहे का ते स्वतःला विचारा. अभंगांचं इंग्रजी करताना अनेकांना ‘दाय’चा मोह होतो. माझं मत विचाराल तर टाळा. तुकोबांचं विठ्ठलाशी बोलणं घरातल्या माणसाशी बोलावं तसं आहे. त्याला आज ‘दाय’ लावलं की तो घरगुतीपणा जातो आणि जुन्या पुस्तकाचा वास तेवढा येतो. ऐतिहासिक नाटक, स्तोत्र, विडंबन, जुन्या मजकुराची नक्कल, इथे मात्र खुशाल वापरा.

सावधान: ‘शोधा आणि बदला’ हे बटण या कामात वर्ज्य. ‘युअर’ बदलून ‘दाय’ केलं की ‘युअर्स’चं ‘दाय्स’ होतं, आणि असा शब्द इंग्रजीत नाही.

१. आधी माणूस बघा: तू की तुम्ही?

दाय आणि दाइन दोघेही ‘दाऊ’च्या घरचे. दाऊ म्हणजे एकट्या माणसाला म्हटलेलं ‘तू’. समोर दोन माणसं आली की या घराचं दार बंद. तिथे ‘युअर’ आणि ‘युअर्स’च राहणार, मजकूर कितीही जुना असो.

हा फरक १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये काटेकोर पाळलेला आहे. लूकच्या बाविसाव्या अध्यायात येशू शिमोन पेत्राला म्हणतो की सैतानाने तुम्हांला गव्हासारखं चाळायला मागितलं आहे, पण मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. चाळायचं आहे सगळ्या शिष्यांना, म्हणून तिथे ‘यू’. प्रार्थना एकट्या पेत्रासाठी, म्हणून ‘दी’. आजच्या इंग्रजीत दोन्ही जागी ‘यू’च येतं आणि वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. आपल्याला लागतो, कारण मराठीत तुम्ही आणि तू अजून वेगळे आहेत. या कामात मराठी माणूस इंग्रजाच्या एक पाऊल पुढे असतो.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. दाऊ-दाय हे शब्द आपण प्रार्थनेत ऐकतो, म्हणून ते आदराचे वाटतात. कित्येक जण ‘दाइन’ म्हणजे ‘आपला’ असं धरून चालतात. गोष्ट बरोबर उलटी आहे. देवाला दाऊ म्हणतात ते आपण विठ्ठलाला किंवा देवीला ‘तू’ म्हणतो तसं, जवळिकीने. देव सोडून दुसऱ्या कोणाला, विशेषतः मान्यवराला, दाऊ म्हणणं म्हणजे सरळ अरे-तुरे करणं. १६०३ साली इंग्लंडमध्ये सर वॉल्टर रॅले या दरबारी माणसावर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात त्याच्यावर कडाडला: ‘आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर’. म्हणजे, तुला मी अरे-तुरेच करणार, गद्दारा! ‘दाऊ’चं क्रियापद करून त्याने शिवी घातली.

म्हणून राजाला, सरदाराला, न्यायाधीशाला ‘युअर’. पदवी तर नेहमी ‘युअर मॅजेस्टी’. त्या नाटकातलं ‘दाइन मॅजेस्टी’ दुप्पट चूक का, ते आता कळेल: राजाला अरे-तुरे केलं, आणि तेही चुकीच्या रूपात.

इथे मराठी नातं जसंच्या तसं उचलू नका. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राणी मुलाला दरडावते: ‘हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड’. तू तुझ्या वडिलांना फार दुखावलं आहेस. मुलगा तेच वाक्य तिच्यावर उलटवतो: ‘मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड’. तिने दाऊ म्हटलं, त्याने यू. आपल्याकडे आईला सर्रास ‘तू’ म्हणतात म्हणून तुम्ही मुलाच्या तोंडी दाऊ घातलात तर मराठी बरोबर होईल आणि त्या काळातलं इंग्रजी चुकेल. आईबापांनी मुलाला दाऊ, मुलाने त्यांना यू. मालकाने नोकराला दाऊ, नोकराने मालकाला यू. प्रेमात आणि भांडणात मात्र काहीही होऊ शकतं. रागाच्या भरात एखादं पात्र यूवरून दाऊवर उतरलं तर चालतं, उलट नाटकात ते फार कामाला येतं. एकाच वाक्यात ‘दाय फादर अँड युअर मदर’ मात्र नको. ते उतरणं नव्हे, ते विसरणं.

तपासणी: प्रत्येक गोलाखाली ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ लिहिलेलं हवं. ‘तुम्ही’वाले गोल खोडून टाका. त्यांना पुढच्या टप्प्यांत हात लावायचा नाही.

(जुन्या धाटणीच्या दुकानांवर ‘ये ओल्ड’ अशी पाटी असते. त्यातल्या ‘ये’चा तू-तुम्हीशी संबंध नाही. ते ‘द’ आहे. टी-एचसाठी पूर्वी असलेलं एक अक्षर लिहिताना वायसारखं दिसू लागलं, त्याचा हा अवशेष.)

२. मग जागा बघा: पुढे नाम आहे की शब्द एकटा उभा आहे?

मराठीत ‘तुझं पुस्तक’ आणि ‘पुस्तक तुझं’ यांतलं ‘तुझं’ बदलत नाही. इंग्रजीत बदलतं: युअर बुक, पण द बुक इज युअर्स. जुन्या वळणाचा नियम इथे एकदम सोपा आहे. आजच्या इंग्रजीत जिथे ‘युअर्स’ येईल तिथे कायम ‘दाइन’. आवाज बघायचा नाही, स्वर-व्यंजन काही बघायचं नाही.

अटक होण्याआधी येशूने गेथशेमाने बागेत केलेली प्रार्थना: ‘नॉट माय विल, बट दाइन, बी डन’. माझी नको, तुझी इच्छा पूर्ण होवो. ‘दाइन’पुढे नाम नाही, म्हणून दाइन. ‘तुझा एक मित्र’ म्हणायचं तर ‘अ फ्रेंड ऑफ दाइन’. पत्राच्या शेवटी ‘तुझाच’ म्हणून सही करायची तरी दाइन.

यात एक फसवं वाक्य आहे, आणि बहुतेकांचा नियम त्या वाक्यावरूनच चुकतो. ख्रिस्ती लोक म्हणतात त्या प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी येतं: ‘फॉर दाइन इज द किंगडम’. कारण राज्य तुझं आहे. लोक बघतात की पुढचा शब्द ‘इज’ स्वराने सुरू होतो, आणि समजतात की म्हणून दाइन आलं. तसं नाही. इथे दाइन एकटं उभं आहे, ‘इज’ शेजारी आला हा योगायोग. ‘इज’च्या जागी ‘बी’ किंवा ‘वॉज’ आलं असतं तरी दाइनच राहिलं असतं. त्याच प्रार्थनेच्या सुरुवातीला ‘दाय नेम’, ‘दाय किंगडम’, ‘दाय विल’ आहे, कारण तिथे पुढे नाम आहे आणि ते व्यंजनाने सुरू होतं.

सावधान: दाय कधीच एकटं उभं राहत नाही. ‘द स्वोर्ड इज दाय’ असं वाक्य होत नाही. आणि दाइनला वरचा स्वल्पविराम आणि एस लावायचा नाही. ते मुळातच मालकीचं रूप आहे.

३. शेवटी आवाज ऐका

आता हातात फक्त ते गोल उरले जिथे ‘तू’ आहे आणि पुढे नाम आहे. इथेच दाय आणि दाइन यांच्यात निवड होते. शाळेत शिकलेला ए आणि ॲनचा नियम आठवा. जिथे ‘ए’ चाललं असतं तिथे दाय, जिथे ‘ॲन’ लागलं असतं तिथे दाइन.

मराठीची सवय आडवी येते ती या जागी. आपलं ‘तुझा’ पुढच्या नामाचं लिंग आणि वचन बघतं: तुझा भाऊ, तुझी बहीण, तुझं घर, तुझी मुलं. म्हणून आपल्याला आतून वाटत राहतं की दाय आणि दाइन यांच्यातही असाच काही भेद असणार. दाय एकवचनी, दाइन अनेकवचनी, किंवा दाय पुरुषाचं आणि दाइन बाईचं. असलं काही नाही. दाय ब्रदर, दाय सिस्टर, दाय चिल्ड्रन. दाइन अंकल, दाइन आंट. कान सोडून दुसऱ्या कोणाला विचारू नका.

ऐकायचा तो लगेच पुढचा शब्द. नाम दूर असेल तर ते दूरच राहू द्या. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात देव अब्राहामाला सांगतो: ‘टेक नाउ दाय सन, दाइन ओन्ली सन आयझॅक’. मुलगा एकच, इसहाक. पण ‘सन’आधी दाय आणि ‘ओन्ली’आधी दाइन. या एका ओळीत अख्खा नियम आहे. ती पाठ केलीत तर हा टप्पा पुन्हा वाचावा लागणार नाही.

आवाज म्हणजे आवाज, अक्षर नव्हे. ‘युनियन’, ‘यूज’, ‘युनिफॉर्म’ यांचं स्पेलिंग यूने सुरू होतं, पण तोंडातून ‘य’ निघतो, म्हणून दाय. ‘वन’ ओने लिहितात आणि ‘व’ने बोलतात, म्हणून दाय. ‘अवर’, ‘ऑनर’, ‘ऑनेस्ट’, ‘एअर’ म्हणजे वारस, यांत एच मुका आहे. दाइन अवर, दाइन ऑनर.

*एच ऐकू येत असेल तर?*

हाउस, हँड, हार्ट. इथे जुन्या मजकुरात दोन्ही सापडतं, आणि आपल्याकडून चुकलं असं समजून लोक उगाच घाबरतात. १६११ च्या बायबलमध्ये ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ‘विथ ऑल दाइन हार्ट, अँड विथ ऑल दाय सोल’ आहे. तीच आज्ञा मत्तयच्या बाविसाव्या अध्यायात येते तेव्हा ‘विथ ऑल दाय हार्ट’ होते. पुस्तक एक, आज्ञा एक, रूपं दोन. विल्यम ब्लेकच्या १७९४ च्या वाघावरच्या कवितेत ‘दाइन आइज’ आहे आणि ‘दाय हार्ट’ आहे. म्हणजे स्वराआधी दाइन पण एचआधी दाय. माझा सल्ला ब्लेकच्या बाजूने. बायबलचा हुबेहूब सूर हवा असेल तरच ‘दाइन हार्ट’ घ्या, आणि घेतलंत तर शेवटपर्यंत तेच चालवा.

दोन चुका सारख्या नाहीत हेही सांगून ठेवतो. स्वराआधी दाय लिहिलंत तर जाणकार फार तर भुवई उंचावेल, कारण त्या काळचे लोकही तसं लिहीत. ‘हॅम्लेट’मधल्या एका उपदेशात १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्र संग्रहात, ‘दाइन इअर’ छापलंय, तर त्याआधीच्या क्वार्टोत, म्हणजे सुट्या नाटकाच्या छोट्या आवृत्तीत, ‘दाय इअर’. पण व्यंजनाआधी दाइन, म्हणजे ‘दाइन स्वोर्ड’, ‘दाइन किंगडम’, हे हसं करून घेणं आहे. शंका आली की दाय लिहा.

तपासणी: प्रत्येक ‘दाइन’ काढून तिथे ‘ॲन’ ठेवून मोठ्याने वाचा. ‘ॲन स्वोर्ड’ कानाला टोचलं की चूक सापडली.

४. नातेवाईक जुळवा

दाइन स्वराआधी वापरलंत तर ‘माझं’सुद्धा तसंच चालवावं लागतं: माय सोल, पण माइन आइज, माइन एनिमीज. दाइन आइज आणि माय आइज एकाच भाषणात आले की शिवण उसवलेली दिसते.

‘युअरसेल्फ’चं ‘दायसेल्फ’ होतं. ‘दाइनसेल्फ’ नाही. मध्ये ‘ओन’ आला तर मात्र ‘दाइन ओन सेल्फ’. ‘ओन’आधी दाइन इतकं मुरलेलं आहे की तिथे दाय लिहूच नका.

दोन नामं असतील तर शब्द दोनदा लिहा: ‘ऑनर दाय फादर अँड दाय मदर’. एकदाच लिहून भागवलंत तर रूप पहिल्या नामाप्रमाणे ठरतं, आणि मग ‘दाइन आइज अँड फेस’ असलं काहीतरी अवघडलेलं वाक्य पदरी पडतं.

५. क्रियापदाला फसू नका

‘दाइन आइज आर्ट ब्राइट’. हे वाक्य मी इतक्यांदा खोडलंय की आता पेन आपोआप चालतं. ‘आर्ट’, ‘हॅस्ट’, ‘शॅल्ट’ आणि ‘एस्ट’ची शेपटी ही फक्त दाऊ कर्ता असताना. ‘तुझे डोळे’ म्हणजे तू नव्हे. ते डोळे, तिसरा पक्ष. म्हणून ‘दाइन आइज आर ब्राइट’, साधं ‘आर’.

एकवचनी असेल तर ‘एथ’: ‘दाय सर्व्हंट हिअरेथ’, तुझा दास ऐकतो आहे. बायबलमधला बाल शमुवेल स्वतःबद्दलच बोलतोय, देवाशी बोलतोय, तरी क्रियापद दासाचं आहे. मराठीत आपण ‘तुझा दास ऐकतोस’ म्हणतो का? नाही ना. मग इंग्रजीतही ‘हिअरेस्ट’ नको.

६. उलट दिशेने: वाचताना आणि मराठी करताना

दाय किंवा दाइन दिसलं की समोर एकच माणूस आहे एवढं नक्की. मराठीत ‘तुझा-तुझी-तुझं’ पुढच्या नामाप्रमाणे ठरवा. इंग्रजीतल्या दाय-दाइनचा फरक मराठीत आणायला जाऊ नका, तो फक्त आवाजाचा आहे. आणि दाइनचं ‘आपल्या’ करून त्याला शेला-पागोटं चढवू नका.

७. तोंडातून काढताना

टी-एच दिसला की आपली जीभ ‘थ’कडे जाते. या चारही शब्दांत तो ‘थ’ नाही; ‘दिस’ आणि ‘दॅट’मध्ये असतो तो मऊ आवाज आहे, जीभ दातांना टेकवून काढलेला, ‘द’च्या जवळचा. ‘थाय’ म्हटलंत तर इंग्रजीत त्याचा अर्थ मांडी होतो. तालमीत एका मुलाने सिंहासनाकडे हात करून आवेशात ‘थाय किंगडम’ म्हटलं होतं. त्यानंतर अर्धा तास तालीम झालीच नाही. दाइन ‘माइन’ आणि ‘वाइन’सारखं म्हणायचं, ‘थिन’ नव्हे.

हात साफ करायला

आधी स्वतः करा, मग खालचं वाचा.

‘मित्रा, आशा तुझी, सैन्य तुझं, पण विजय तुझा नाही.’ दाय होप, दाइन आर्मी, बट द व्हिक्टरी इज नॉट दाइन. पहिल्या दोन ठिकाणी आवाज ठरवतो, तिसऱ्या ठिकाणी जागा.

‘तुझा जुना वाडा.’ दाइन ओल्ड हाउस. ‘ओल्ड’ काढलात तर दाय हाउस.

‘पोरांनो, तुमची शपथ आठवा.’ ‘ओथ’ स्वराने सुरू होतो म्हणून दाइन लिहिलं असेल तर पहिल्या टप्प्यावर परत जा. पोरं अनेक आहेत, युअर ओथ.

‘तुझे हात असे गार का?’ व्हाय आर दाय हँड्स सो कोल्ड. ‘दाइन हँड्स’ लिहिलं असेल तरी गुण पूर्ण, पण मग आधीचा वाडाही ‘ओल्ड’ काढल्यावर ‘दाइन हाउस’च ठेवलेला हवा. ‘आर’च्या जागी ‘आर्ट’ लिहिलं असेल तर शून्य.